टॉप पेअर तीच, फ्लॉप वेगळा: एक्का-राणीवर किती लावायचं?

ढब्बू पैसा

मंडळी, पोकरमधल्या नो-लिमिट होल्डेमबद्दल विचारायचंय (प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही). सहा जणांचं टेबल, सगळ्यांकडे १०० बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, आणि ती लावणारा खेळाडूही; स्मॉल ब्लाइंड तिच्या निम्मा). बटनवर (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळायची जागा) माझ्याकडे किलवरचा एक्का आणि चौकटची राणी. २.५ ला रेझ (रक्कम वाढवली), स्मॉल ब्लाइंड फोल्ड (हात सोडला), बिग ब्लाइंड कॉल (तेवढेच घातले). पॉट ५.५. (खालचे सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्येच धरा.)

आता तीन फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) बघा:

अ) इस्पिक राणी, चौकट सत्ती, किलवर दुर्री
आ) बदाम राणी, बदाम दश्शी, इस्पिक नव्वी
इ) इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, इस्पिक पंजी

तिन्हीकडे टॉप पेअर (बोर्डावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी), तिन्हीकडे सर्वांत मोठा किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता). समोरच्याने चेक केलं (काही न लावता सोडलं) की तिन्हीकडे दोन-तृतीयांश पॉट लावायचा, असा सरसकट नियम सध्या वापरतोय. (अ) वर सगळे पळतात आणि (आ) वर जो थांबतो तो बहुधा पुढे असतो. नियम चुकीचा आहे एवढं कळतं. "ओल्या बोर्डावर (स्ट्रेट-फ्लशला वाव असलेल्या) जपून" हे ऐकून कान किटलेत, तेव्हा कृपया आकड्यांत सांगा.

---

किलवर गुलाम

आकड्यांत हवंय तर आधी हात मोजू. समोरच्याकडे एक्का-एक्का, राजा-राजा, राणी-राणी, एक्का-राणी नाहीत असं धरतो, कारण त्यांवर त्याने फ्लॉपआधीच थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) केली असती.

(अ) वर तुम्हाला हरवणारे हात: सत्तीचा सेट (हातातली जोडी आणि बोर्डावरचा तिसरा पत्ता) ३ प्रकारे, दुर्रीचा सेट ३ प्रकारे. एका रंगाची राणी-सत्ती २ प्रकारे, म्हणजे बदाम आणि किलवर. राणी-दुर्री फक्त बदामची, १. एकूण ९. स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) शक्यच नाही, फ्लश ड्रॉ (एका रंगाच्या पाच पत्त्यांना एक कमी) नाही. आणि तुमच्यापेक्षा कमी किकरची राणी? दोन राण्या शिल्लक आहेत, म्हणून राजा-राणी ८, राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८. नुसत्या या तिघांचे २४.

(आ) वर राजा-गुलामची स्ट्रेट १६ प्रकारे, कारण तुमच्याकडे ना राजा ना गुलाम. एका रंगाचे गुलाम-अठ्ठी ४. राणी-दश्शी ६. राणी-नव्वी एका रंगाची १, दश्शी-नव्वी एका रंगाची २. सेट ३ अधिक ३. बेरीज ३५. आणि यात वेगळ्या रंगांचे गुलाम-अठ्ठी किंवा दश्शी-नव्वी धरलेच नाहीत.

तर ९ विरुद्ध ३५. हात तोच, किकर तोच.

दुसरी मोजणी टर्नची, म्हणजे चौथ्या सामाईक पत्त्याची. तुम्हाला पाच पत्ते दिसतात, ४७ दिसत नाहीत. (अ) वर खरोखर नको असलेला पत्ता म्हणजे राजा: ४ पत्ते, साडेआठ टक्के. (आ) वर ११ बदाम, शिवाय बदाम सोडून ३ गुलाम, ३ राजे, ३ अठ्ठ्या: २० पत्ते, म्हणजे जवळपास ४३ टक्के. बोर्डावर दश्शी किंवा नव्वीची जोडी लागणं तर यात धरलेलंही नाही.

आता किती लावायचं ते.

(अ) वर एक-तृतीयांश, म्हणजे १.८. मोठे हात तुमच्या बाजूला जास्त आहेत आणि समोरच्याने काहीच पकडलेलं नसण्याची शक्यता मोठी. १.८ वर त्याची सत्तीची जोडी, अठ्ठी-अठ्ठीपासून दश्शी-दश्शीपर्यंतच्या जोड्या, कधी एक्का-हायसुद्धा (जोडी नाही, नुसता एक्का) कॉल करतात. ३.७ लावलेत की एक्का-हाय लगेच जातो, सत्ती कुरकुरत राहते किंवा जाते. उरतात त्या राण्या, आणि त्यांच्याकडून टर्न आणि रिव्हरवर (पाचवा पत्ता) घ्यायला वेळ आहेच. हरवण्यासारखं काही येतच नाही, मग घाई कशाची?

पण तीनही रस्त्यांवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर) एक-तृतीयांशच लावत बसू नका, ही उलट बाजूची चूक. तीन वेळा एक-तृतीयांश लावून तुमच्याकडून एकूण फक्त १० जातात, शेवटचा पॉट साडेपंचवीस. फ्लॉपवर एक-तृतीयांश आणि पुढे दोनदा तीन-चतुर्थांश लावलेत तर २६ जातात आणि पॉट ५७ होतो. राजा-राणीवाला दोन्हींत कॉलच करणार असतो.

(आ) वर लावायचंच असेल तर लहान लावू नका. बदामच्या फ्लश ड्रॉला ९ पत्ते, पुढच्या एका पत्त्यावर १९ टक्के. १.८ च्या बेटवर कॉल परवडायला त्याला २० टक्के वेळा जिंकावं लागतं. म्हणजे जवळपास फुकट दाखवल्यासारखंच, वर लागला तर पुढचे पैसे वेगळे. ३.७ वर त्याला साधारण २९ टक्के लागतात, तेव्हा तो किंमत मोजूनच पुढे येतो. शिवाय या बोर्डावर पैसे देणारेही पुष्कळ आहेत: राजा-राणी, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, बदामचे ड्रॉ. हरवणारे ३५ आहेत म्हणून घाबरून लहान लावणं म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

तेव्हा तुमचे दोन-तृतीयांश (आ) वर बरोबर आणि (अ) वर चूक. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात.

---

अर्धा पॉट

मोजणी चोख आहे. (आ) च्या निष्कर्षाशी मात्र अर्धाच सहमत.

दोन-तृतीयांश लावा, पण दर वेळी लावू नका. या बोर्डावर बटनकडे फायदा उरत नाही. राजा-गुलाम दोघांकडे, दोन जोड्या बिग ब्लाइंडकडे जास्त. बटनने इथे बऱ्याचदा मागून चेक करावं, आणि चेक करणाऱ्या हातांत काही चांगलेही असावे लागतात. किलवर एक्का, चौकट राणी हा त्यासाठी अगदी योग्य हात, कारण त्यात एकही बदाम नाही आणि गुलामही नाही.

किकरच्या मोठेपणावर सगळे भुलतात, म्हणून जरा सविस्तर. राणी-दश्शी-नव्वीवर चेक-रेझ (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेझ) आला तर पुढीलपैकी कोणता हात बरा?

राणी-गुलाम: जोडी आहेच, शिवाय राजा किंवा अठ्ठी आली की स्ट्रेट. आठ पत्ते. तुमच्याकडे एक गुलाम असल्यामुळे समोरच्याचे राजा-गुलाम १६ वरून १२ वर येतात, एका रंगाचे गुलाम-अठ्ठी ४ वरून ३ वर.

राजा-राणी: गुलामावर स्ट्रेट, चार पत्ते. समोरचे राजा-गुलाम इथेही १६ चे १२.

एक्का-राणी: काहीच नाही. दोन जोडीसमोर तीन एक्के, स्ट्रेटसमोर जवळपास शून्य.

म्हणजे रेझ आल्यावर राणी-गुलाम सर्वांत टिकाऊ आणि एक्का-राणी सर्वांत तकलादू. सुक्या बोर्डावर किकर बघा, ओल्यावर जोडीसोबत आणखी काय आहे ते बघा.

रेझचा हिशेब: तुम्ही ३.७ लावले, त्याने १३ केले. तुम्हाला ९.३ घालायचे आहेत, होणारा पॉट ३१.५, म्हणजे साडेएकोणतीस टक्के लागतात. कागदावर एक्का-राणीला तेवढे मिळतीलही, पण टर्नवर २० वाईट पत्ते आहेत आणि त्यांवर तो पुन्हा लावणार. मिळालेले टक्के शेवटपर्यंत हातात राहत नाहीत. एक्का बदामचा असेल तर कॉल करायला हरकत नाही. किलवरचा असेल तर फोल्डमध्ये लाज नाही.

(अ) वर मात्र रेझला फोल्ड करणं गुन्हा आहे. १.८ वर ७ चा रेझ: ५.२ घालायचे, होणारा पॉट १९.५, पावणेसत्तावीस टक्के लागतात. खरे हात ९, बाकी सगळी हवा, म्हणजे ब्लफ. कॉल करा. आणि कृपया रि-रेझ करू नका. त्याने हवा निघून जाते आणि समोर नेमके सत्ती-सत्ती, दुर्री-दुर्री उरतात.

(इ) बद्दल कोणीच बोललं नाही. इस्पिकचे १० पत्ते शिल्लक, म्हणजे तयार फ्लशचे जास्तीत जास्त ४५ प्रकार. अर्थात त्यातले सगळे तो खेळत नाही. बेट एक-तृतीयांश किंवा त्याहून थोडी कमी, आणि निम्म्या वेळा चेक. मोठी बेट इथे का नको? कारण एक इस्पिक असलेले हात लहान बेटलाही टिकतात आणि इस्पिक नसलेले लहान बेटलाही पळतात. जास्त पैसे घातलेत तर ते फ्लशच्या खिशात जातात. टर्नवर चौथं इस्पिक यायची शक्यता २१ टक्के, आणि आलं की तुमच्या हाताचं काम संपलं. पुढे एकही पैसा नको.

हाच एक्का इस्पिकचा असता तर चित्र वेगळं. सर्वांत मोठा फ्लश समोरच्याकडे असूच शकत नाही, फ्लशचे प्रकार ४५ चे ३६ होतात, आणि रिव्हरपर्यंत स्वतःचा फ्लश ३५ टक्के वेळा लागतो. तिथे दोन रस्ते आरामात लावता येतात.

---

ढब्बू पैसा

राणी-गुलाम टिकाऊ, एक्का-राणी तकलादू, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

दोन उपप्रश्न. एक, टॉप पेअर लहान असेल तर? म्हणजे बदामचे एक्का-अठ्ठी हातात आणि फ्लॉप इस्पिक अठ्ठी, चौकट पंजी, किलवर तिर्री. बोर्ड सुका, मग इथेही एक-तृतीयांश? दोन, फ्लॉपवर जोडी असेल तर, उदा. राणी-चव्वी-चव्वी?

---

किलवर गुलाम

पहिल्याचं उत्तर: नाही, आणि इथेच सुका-ओला हे शब्द फसवतात. अठ्ठी-पंजी-तिर्रीवर स्ट्रेट लागलेलीच असू शकत नाही आणि तीन रंग वेगळे, तेव्हा दिसायला अगदी सुका. पण टर्नवर नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा यांपैकी काहीही आलं की तुमची जोडी टॉप पेअर राहत नाही. वीस पत्ते. राणी-दश्शी-नव्वीवरही वीसच होते. कारण वेगळं, संख्या तीच.

समोर राजा-नव्वी किंवा राणी-गुलाम असेल तर त्याला सहा पत्ते आहेत: एका पत्त्यावर १३ टक्के, रिव्हरपर्यंत २४. असे हात त्याच्याकडे ढिगाने आहेत. ते गेले तरी तुमचा फायदा, राहून चुकीची किंमत मोजली तरी फायदा. म्हणून इथे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. टर्नवर दुर्री किंवा चव्वीसारखं लहान काही आलं तर पुन्हा लावा. राजा आला तर चेक करा, तो तुमच्यापेक्षा त्याला जास्त लागतो असं नाही, पण अठ्ठीच्या जोडीने दुसरी मोठी बेट लावून कॉल कोण करणार?

याच्या बरोबर उलटा बोर्ड एक्का-अठ्ठी-तिर्रीचा. एक्क्याच्या टॉप पेअरवर मोठा पत्ता येऊच शकत नाही, तेव्हा वाचवण्यासारखं काही नाही. एक्का-राजा असेल तर तीन रस्ते लावा. एक्का-पंजी असेल तर एक-तृतीयांश एकदा, किंवा सरळ मागून चेक करून टर्न-रिव्हरमिळून एक-दोन बेटचा हात समजा. कमकुवत किकरच्या एक्क्यावर तीन रस्ते लावून कॉल मिळवलात तर समोर मोठ्या किकरचा एक्काच असतो.

राणी-चव्वी-चव्वी: चव्व्या दोनच शिल्लक. एका रंगाचे एक्का-चव्वी २, पंजी-चव्वी २, छक्की-चव्वी २, असे मोजत गेलात तर आठ-दहाच्या पुढे जात नाही. लहान बेट, जवळपास दर वेळी. किकर इथेही चालतो: राण्या-चव्व्या आणि पाचवा पत्ता एक्का विरुद्ध राजा. रेझ आला तर एकदा कॉल, यापलीकडे फार विचार करण्यासारखा बोर्ड नाही हा.

---

मांडवीवाला

वरचं सगळं बिग ब्लाइंड शहाण्यासारखा कॉल करतो असं धरून आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर भारतात पैशांचं ऑनलाइन पोकर बंद आहे. इथले बरेच वाचक आता खेळले तर पणजीच्या बोटींवर लाइव्ह खेळणार. तिथे कॉल करणारे वेगळे, म्हणून (आ) ची बेरीज पुन्हा करा.

समोरचा वेगळ्या रंगांचे गुलाम-अठ्ठी, राणी-नव्वी, दश्शी-नव्वीही सोडत नाही असं धरू. गुलाम-अठ्ठी ४ चे १६ होतात. राणी-नव्वी १ चे ६. दश्शी-नव्वी २ चे ९. राजा-गुलाम १६, राणी-दश्शी ६, सेट ६ तसेच. एकूण ५९. (अ) वर हाच ढिला माणूस आणा: राणी-सत्ती २ चे ६ होतील, बाकी तेच, बेरीज १३. ढिल्या खेळाडूसमोर सुका बोर्ड तुमच्यासाठी जवळपास तसाच राहतो, ओला मात्र पार बिघडतो. आणि तोच ढिला माणूस (अ) वर राणी-छक्की, राणी-पंजी घेऊन कॉल करत बसतो. म्हणून लाइव्ह टेबलावर (अ) वर एक-तृतीयांशऐवजी सरळ दोन-तृतीयांश लावा. सॉल्व्हर (समतोल खेळ मोजून देणारा प्रोग्राम) लहान बेट सांगतो ते समतोल खेळणाऱ्याविरुद्ध. राणी कधीच न सोडणाऱ्याविरुद्ध समतोल राखून काय मिळवणार?

दुसरं, लाइव्हला पॉटमध्ये दोघेच क्वचित असतात. समजा ७ ला रेझ केला आणि तिघांनी कॉल केला. पॉट २८ च्या वर, मागे (अजून न लावलेले) ९३. आता प्रत्येकाकडे तुम्हाला हरवणारा हात असण्याची शक्यता २० टक्के धरली, तर तिघांपैकी निदान एकाकडे असण्याची ४९ टक्के होते. म्हणजे नाणेफेक. राणी-दश्शी-नव्वीवर तीन जणांत एक्का-राणी घेऊन मी तरी बेटने सुरुवात करणार नाही. चेक, मग एका मध्यम बेटला कॉल, आणि मध्ये दुसऱ्या कोणी रेझ केला तर फोल्ड. (अ) वर तिघांतही लावा, अर्ध्या पॉटच्या आसपास.

तिघांत खेळताना आणखी एक: रेझ करणारा माणूस उरलेल्या दोघांनाही तोंड देऊन रेझ करतोय. तिथे हवा कमी, माल जास्त. वर (अ) वर फोल्ड करणं गुन्हा म्हटलंय, ते दोघांतल्या पॉटपुरतं खरं.

---

बंद मूठ

थ्री-बेट पॉट राहिला. बटनने २.५, बिग ब्लाइंडने ११, बटनचा कॉल. पॉट २२.५, मागे ८९, म्हणजे पॉटच्या चौपट. सुरुवातीच्या उदाहरणात मागे पॉटच्या जवळपास अठरापट होते. फरक एवढा आहे की राणी-सत्ती-दुर्रीवर एक-तृतीयांश, मग दोनदा दोन-तृतीयांश लावले की ७.५, २५ आणि उरलेलं सगळं आत. तिथे टॉप पेअर टॉप किकर फोल्ड होत नाही. अठरापट मागे असताना मात्र सगळे पैसे आत जात असतील तर एका जोडीला कोणी एवढे देत नाही, थांबून बघा.

---

ढब्बू पैसा

शेवटचं. (आ) वर ३.७ लावले, कॉल आला, पॉट १२.९. टर्नवर किलवर तिर्री, दोघांचाही चेक. रिव्हरवर चौकट दुर्री, आणि समोरचा ८.६ लावतो. एक्का-राणी कॉल?

---

अर्धा पॉट

८.६ घालायचे, होणारा पॉट ३०.१, म्हणजे २८.६ टक्के वेळा बरोबर असायला हवं. किलवर एक्का आणि चौकट राणी असेल तर कॉल, आणि तोही निश्चिंतपणे. बदाम आला नाही, त्यामुळे चुकलेले सगळे बदाम त्याच्याकडे असू शकतात, तुमच्या हातात एकही नाही. शिवाय तुम्ही टर्नवर चेक केल्यामुळे तुमच्याकडे काही नाही असं त्याला वाटतंय. राजा-गुलाम किंवा सेट असता तर इतक्या ओल्या बोर्डावर तो बहुधा फ्लॉपलाच रेझ करून मोकळा झाला असता.

एक्का बदामचा असता तर हाच कॉल बराच काठावर येतो. एक्का-छक्की, एक्का-पंजी, एक्का-चव्वी असे बदामचे चुकलेले ड्रॉ, म्हणजे त्याची नेमकी हवा, तुमच्याच हातात अडकलेली असते. फ्लॉपवर रेझला तोंड द्यायला बदामचा एक्का बरा होता, रिव्हरवर हवा पकडायला किलवरचा बरा.

आणि रिव्हरला दुर्रीऐवजी अठ्ठी आली असती तर हिशेब करायचीही गरज नाही. एका गुलामावर स्ट्रेट होते, आणि गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी हे सगळे तुमच्या फ्लॉपच्या बेटला कॉल करूनच इथवर आलेले असतात. फोल्ड.